वहीतली नावं

महागावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. फॉर्मवर ईमेल लागतो, म्हणून कित्येकांचे ईमेल मीच उघडून दिले आणि नावांसकट वहीत लिहून ठेवले. निवडणुकीआधी एका उमेदवाराचा माणूस आला. "फक्त शुभेच्छा पाठवाच्या हायेत," म्हणाला. ओळखीचा होता, मी त्याला वहीचे फोटो काढू दिले.

आठवड्याभरात जवळच्या गावातल्या एक विधवा मावशी मोबाईल घेऊन दुकानात आल्या. त्यांना मेल आला होता. त्यांचं पूर्ण नाव घालून लिहिलं होतं, की त्या उमेदवाराऐवजी दुसरा कोणी निवडून आला तर तुमची पेन्शन बंद होईल.

"खोटं हाय हे, मावशी."

"मंग माह्यं नाव कसं हाय त्यात? सरकारी मानसाबिगर कोनाले ठाव असंन?"

मला सांगणं भाग पडलं. "मीच देल्लं नाव. माह्या वहीतून गेलं."

त्यांनी आवाज खाली आणला. "तुले कोनं दम देल्ला असंन, म्हून तू असा बोलून राह्यला."

मी हात जोडले, वही दाखवली, पुन्हा पुन्हा समजावलं. सगळी दुपार गेली, त्यांची भीती काही गेली नाही.

मतदानाच्या दिवशी त्या केंद्राबाहेर भेटल्या. "त्याइलेच देल्लं मत," हळूच म्हणाल्या. "आता तं बंद नाई होनार ना पेन्शन?"

"नाई होनार," मी म्हणालो. कोणीही निवडून आलं तरी खरं तेच होतं. पण त्यांनी ज्या समाधानाने मान डोलावली, ते पाहून वाटलं, त्या मेलवर शेवटी सही माझीच झाली.