सुधारलेल्या माणसाच्या घरी

लोणंदच्या स्टँडवर संजय स्वतः आम्हा मायलेकींना साताऱ्याच्या गाडीत बसवायला आला होता. पिशवी त्यानंच उचलली, आर्याला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, आत चढून खिडकीजवळची सीट धरली. गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहून खिडकीच्या गजाला हात लावून होता. "चारच्या गाडीनं या. मी न्यायला येतो," म्हणाला आणि हसला. मी मान हलवली. पिशवीत कपड्यांच्या खाली आर्याचा शाळेचा दाखला होता. आम्ही चारच्या गाडीनं येणार नव्हतो. गाडी वळली तरी मी मागं बघितलं नाही, कारण माझा चेहरा त्याला वाचता येईल असं वाटत होतं.

रेखा, मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "अक्का, आमच्या ह्यास्नी पण त्या साताऱ्याच्या कोर्सला घालू का? माणूस सुधरतो का वो त्यात?" मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला. तू माझी धाकटी जाऊ, त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहणारी. तुला खोटं सांगायचं नाही आणि खरं एका वाक्यात मावत नाही. म्हणून लिहिते आहे. घर सोडून निघालेल्या आणि निघू न शकलेल्या बाकीच्यांनीही वाचलं तर वाचू दे.

पहिल्यांदा निघाले तेव्हा कुणी सोडायला नव्हतं. संजय फर्स्ट शिफ्टला कारखान्यात गेला होता. आदल्या दिवशी भावाशी फोनवर बोलले आणि ते सांगितलं नाही, म्हणून त्यानं कपाटाच्या फटीत माझी बोटं धरून दार लोटलं होतं. पण मी बोटांमुळं निघाले नाही. बोटं मी याआधीही बांधली होती. झालं असं की त्या झटापटीत माझ्या बांगड्या फुटल्या तेव्हा आर्या कुणी न सांगता केरसुणी घेऊन आली आणि काचा गोळा करायला लागली. कोपऱ्यातून सुरुवात करून, पलंगाखालच्यासुद्धा. सहा वर्षांच्या पोरीला ते काम पाठ झालं होतं. ते बघून मला जी भीती वाटली, तशी त्याच्या हाताची कधी वाटली नव्हती.

आधी माण तालुक्यात माहेरी गेले. आईनं बोटांना हळद लावली, भाकरी वाढली आणि म्हणाली, "लेक नांदती असली म्हंजी मला गावात मान वर करून चालता येतं गं." चार दिवसांनी मी मावसबहिणीकडं सांगलीला आले. हळद पॅकिंगच्या कारखान्यात काम मिळालं. सुपरवायझर बाई आहेत, ओव्हरटाइम विचारून देतात. अंगाला, केसांना, डब्यातल्या चपातीलाही हळदीचा वास येतो. माणच्या उघड्या माळावर वाढलेल्या मला सांगलीचा चिकट उकाडा सोसत नव्हता. तरी पहिले काही महिने रस्त्यावर त्याच्यासारखी हिरवी मोटरसायकल दिसली की मी दुकानात शिरायची. दुकान कशाचं आहे ते आत गेल्यावर कळायचं.

कोर्टात अर्ज केला. तिथून संजयला साताऱ्याच्या एका संस्थेच्या गटात जायला सांगितलं. बायकोला मारणाऱ्या पुरुषांचा गट. दर शनिवारी, सहा महिने. मला वाटलं दोनदा जाईल आणि सोडेल. त्यानं एक शनिवार चुकवला नाही. मग मला निरोप यायला लागले. सासूबाईंचे, भावाचे, शेवटी आईचाही: "आता तर शिकवून, सुधरवून दिलाय त्याला. आता काय नडतंय तुझं?"

गट चालवणाऱ्या मॅडमना मी भेटले. माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. मी विचारलं, "सुधारलाय का तो?" त्या म्हणाल्या, "गटात तो चांगला बोलतो. घरी काय करेल याची हमी मी देणार नाही. कुणी हमी दिली तर विश्वास ठेवू नका." माझा नंबर त्यांनी लिहून घेतला. गटातल्या पुरुषांच्या बायकांना त्या अधूनमधून फोन करतात. त्यांचं म्हणणं असं की नवरा सुधारला का, हे नवऱ्याला विचारून कळत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आर्याला घेऊन परत आले. तुला आठवत असेल, तू ओवाळलंस आम्हाला.

त्यानं हात उचलला नाही, हे मी तुला आधी सांगते. सात आठवडे, एकदाही नाही. राग आला की "मी जरा बाहेर जाऊन येतो" म्हणायचा आणि पाण्याच्या टाकीला फेरी मारून यायचा. सकाळचा चहा करायचा. सासूबाई माझ्या माहेरावरून बोलल्या तर "आई, पुरे" म्हणायचा. हे सगळं तो तिथंच शिकला होता आणि ते खोटं नव्हतं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. आलेल्या गेलेल्याला दाखवायचा.

आणि मी आधीपेक्षा जास्त भीत होते.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आधी मला त्याचं सगळं वाचता यायचं. गाडी कशी लावली, चपला कुठं पडल्या, ताट कसं पुढं ओढलं, यावरून आज काय होणार ते कळायचं आणि मी आर्याला तुझ्याकडं पाठवून द्यायची. आता त्याचा चेहरा गुळगुळीत झाला होता. आत काय चाललंय ते दिसेना. मी जेवताना त्याच्या हाताकडं बघायची, आणि मी बघतेय हे तो बघायचा.

एका रविवारी दुपारी तो जेवत होता. आर्याच्या हातून भाताचं पातेलं निसटलं. आवाज झाला आणि आम्ही दोघी भिंतीला जाऊन टेकलो. मी ठरवून गेले नाही, तीही नाही. संजयचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" तो म्हणाला. "मी काय केलं?"

"काय न्हाई," मी म्हटलं.

"मग भिंतीला कशाला चिकटलाय?" तो उठला, हात धुतला, दार लावून कडी घातली आणि खुर्ची ओढून दारासमोर बसला. आवाज चढलेला नव्हता. "आज ह्याच्यावर बोलूया. संवाद करायला शिकवलंय मला."

दोन तास तो बोलला. तिथं शिकलेला प्रत्येक शब्द त्यानं वापरला. मी माझा राग सांभाळतो, तू तुझी भीती सांभाळ. तुझी भीती ही तुझी जबाबदारी. मी सहा महिने कष्ट घेतले, तू काय घेतलेस? तू भितेस म्हणजे मला अजून मारणारा समजतेस, म्हणजे हिंसा आता तू करतेस. मी पाणी प्यायला उठले तर "बस, आधी हे संपू दे" म्हणाला. मग आर्याकडं वळला.

"पप्पाला भितेस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग हस की."

रेखा, ती हसली. दात दाखवून, डोळे त्याच्यावरच ठेवून. त्याचं समाधान होईस्तोवर हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. संजयची त्या आठवड्यात नाइट शिफ्ट होती, म्हणून दिवसा घरीच होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. "सांग मॅडमना, कसं चाललंय."

"बरं चाललंय," मी म्हटलं.

 मग मॅडम अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाल्या, "फाइल पूर्ण करायची आहे. तुमची आणि मुलीची भेट राहिली आहे. उद्या दोघी साताऱ्याला या. संजयरावांची गरज नाही." तो खूश झाला. फाइल पूर्ण होणार म्हणून. स्पीकरचा घुमणारा आवाज त्यांनी ओळखला होता, हे मला साताऱ्यात कळलं. पण त्याच रात्री मी आर्याचा दाखला पिशवीत कपड्यांखाली सरकवला.

तिथं त्यांनी आर्याला दुसऱ्या खोलीत चित्रं काढायला बसवलं आणि मला विचारलं, "मारलं का?"

"न्हाई. त्यानं काईच केलं न्हाई," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की सांगण्यासारखं काही घडलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "भीती वाटते?"  मी टेबल धरून बसले. मग रविवारचं सगळं सांगितलं. त्यांनी ते शब्द न बदलता लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "कडी घालून समोर बसणं ही हिंसाच आहे. आमचे शब्द वापरून केली म्हणून ती कमी होत नाही." त्यांचाही चेहरा उतरला होता. तिथूनच आम्ही कऱ्हाडमार्गे सांगलीची गाडी धरली.

संजयला पुन्हा गटात बोलावलं. आधी भांडला, सर्टिफिकेट फेकून दिलं म्हणे. आता जातो. मॅडमनी मला त्याच गटातल्या एका निवृत्त फौजीबद्दल सांगितलं, नाव न घेता. तो बदललाय असं त्याची बायकोच सांगते. मी विचारलं, कशावरून? "बायको परत कधी येणार हे त्यानं विचारायचं सोडलं," त्या म्हणाल्या. "तरीही तो येत राहिला." संजय अजून दर शनिवारी तेच विचारतो.

तर रेखा, भाऊजींना पाठव. काही पुरुष बदलतात. पण तो कोर्स त्यांच्यासाठी आहे, तुला वाचवण्यासाठी नाही. ते बदलले का, हे बघायला तू त्या घरात थांबलीच पाहिजेस असं नाही. तुझी कागदपत्रं शेजारच्या काकींकडं ठेव. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर पाठ कर, फोनमध्ये ठेवू नकोस. आणि माझ्या खोलीत आणखी दोघींना जागा आहे.

घर म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आई म्हणते, "ती भाड्याची खोली हाय, तिला घर म्हनू नगंस." परवा शाळेच्या सहलीवरून आर्या माझ्याशी भांडली. मी नाही म्हटलं तर पाय आपटले, "तू वाईट आहेस!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडली की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या.  मी सवयीनं आजूबाजूला बघितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती अजून ओरडतच होती, लाल होऊन, माझ्या डोळ्यांत बघून, आणि माझा चेहरा कसा होतोय याची तिला अजिबात पर्वा नव्हती. मी खाली बसले आणि तिला पोटभर ओरडू दिलं.