आबांचा पाय हलला

चहा आधी घेऊन टाका. हा किस्सा ऐकल्यावर मला चहा पाजावा असं तुम्हाला वाटेल याची खात्री नाही. गाढवपणा सगळेच करतात हो, पण मी माझ्या गाढवपणाचा डिजिटल लावला. चौकात, फोटोसकट! आमच्या कोल्हापुरात फ्लेक्सला डिजिटल म्हणतात, आणि वाढदिवसापासून बैलाच्या शर्यतीपर्यंत कशाचाही लावतात. पण गादीचं कौतुक करणारा डिजिटल माझ्याशिवाय कुणी लावला असेल असं वाटत नाही.

झालं असं की गेल्या साली आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पार लुळी पडली आणि वाचा गेली. डावी बाजू तेवढी शाबूत. उभी हयात फौंड्रीत काढलेला माणूस, भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळं घरात कुजबुजला तरी शेजारच्यांना ऐकू जायचं. त्या माणसाच्या तोंडातून आता नुसता हवेसारखा आवाज यायचा. ते ऐकवायचं नाही मला, म्हणून मी त्यांच्याजवळ बसलो की उगीच मोठमोठ्यानं बोलत राहायचो.

दवाखान्यातून सोडताना सिस्टरनी बजावून सांगितलं, पाठीला जखमा व्हायला नकोत. एकाच जागी पडून राहिलं की कातडी सडते. हवेची गादी आणा, पण गादी आणली तरी दर दोन तासांनी कूस बदला. माझ्या बायकोनं, सुमननं, हे सगळं ध्यानात ठेवलं. मी फक्त ‘गादी आणा’ एवढंच ठेवलं.

गादी आणली. निळी, आडव्या नळ्यानळ्यांची, आणि पलंगाच्या पायथ्याला अडकवायचा एक छोटा पंप. बसवायला आलेला माणूस समजावून सांगायला लागला आणि मी त्याला मध्येच थांबवलं. का? कारण माझं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे! कोडोलीपासून माणसं मोटारी घेऊन माझ्याकडं येतात. मला पंप शिकवणार? मी म्हटलं, पावणं, प्लग कुठं लावायचा तेवढं दावा आन् चहा घेऊन जावा. तो बिचारा चहा घेऊन गेला.

माझी समजूत अशी की हा पंप म्हणजे सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतो तसला. नळ्या फुगवायच्या आणि फुगलेल्या ठेवायच्या, विषय संपला. प्रत्यक्षात काय असतं, तर एकआड एक नळ्या फुगतात, मग त्या बसतात आणि दुसऱ्या फुगतात. आळीपाळीनं. म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. सगळी करामत त्याच्यातच आहे. ते ऐकायला मी थांबलो असतो तर आज तुम्हाला काही सांगायला उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या पायथ्याशी बसून पेपर चाळत होतो. सहज नजर गेली आणि पाहतो तर काय, आबांचा उजवा पाय, लुळा पडलेला तोच पाय, हळूहळू वर येतोय! टाच उचलली, बोटं थोडी बाहेरच्या बाजूला कलली. जरा वेळानं पाय तितक्याच संथपणे खाली गेला.

पेपर कुठं पडला मला माहीत नाही. मी ओरडलो, सुमन धावत आली, परत पाय वर येईपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे. आला की वर! सुमन रडायला लागली. मीही रडलो. का खोटं सांगू?

आबा मात्र डावा हात पलंगावर आपटायला लागले आणि पायथ्याकडं बोट करायला लागले. पुन्हा पुन्हा. आता तुम्हीच सांगा, लुळा पाय हललेला माणूस पायाकडं बोट दाखवतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं?

“चालायचं म्हणत्यात आबा,” मी सुमनला सांगितलं.

आणि लगेच जाऊन चपला घेऊन आलो. नव्या, कातडी, करकर वाजणाऱ्या, आबांना आवडतात तसल्या. त्यांच्यासमोर धरून म्हटलं, आबा, ह्या घालून रंकाळ्याला फिरायला जायचं. आबांनी चपलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गहिवरले.

फौंड्रीत आयुष्य काढलेला माणूस तो. पंपाचा ठोका ऐकून नळी कधी फुगणार हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो पायाकडं नाही, पंपाकडं बोट दाखवत होता. आणि पंपवाला पोरगा चपला नाचवत होता.

पुढचं काय सांगायचं? मी मोबाईलवर स्टेटस टाकलं. मग भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणं हे कर्तव्य असतं, शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, आणि थेट पलंगावर बसतात. जो येईल तो पाय बघूनच जायचा. मी शेजारी उभा राहून सांगायचो, थांबा, आत्ता हलवतील. आणि आबा हलवायचेच! पंप काय दमतोय?

आमच्या तालमीचा बाळू, माझा शाळेपासूनचा मित्र, त्यानं तर मला न विचारताच डिजिटल छापून आणला. आबांचा फेट्यातला फोटो, खाली ‘दुर्दम्य इच्छाशक्तीचा विजय’, आणि एका कोपऱ्यात बाळूचा स्वतःचा फोटो, आबांपेक्षा जरा मोठा. न विचारता आणला खरा, पण लावताना शिडी मीच धरली होती.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे, हसून घ्या.

सुमन दर दोन तासांनी आबांची कूस बदलायची. एकटीला जमायचं नाही, मला हाक मारायची. मी काय केलं असेल? मी तिला थांबवलं. म्हटलं, आता ते स्वतः हालतात, आपण हलवत बसलो तर त्यांची सवय मोडेल, त्यांना त्यांच्या जिद्दीवर सोड. ती म्हणाली, सिस्टरनी तर बदला म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, सिस्टरनी पाय हलायच्या आधी सांगितलंय. ती कूस बदलायची सोडून आत गेली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडम तेव्हा गावाला गेल्या होत्या. त्यांनाही मी फोनवर कळवून टाकलं, सावकाश या, इकडं गाडी रुळावर आहे.

मग रविवारी जेवण घातलं. मटण, तांबडा, पांढरा. गल्लीतले सगळे, तालमीतले सगळे. पलंगाभोवती ही गर्दी. बाळू मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय, “आबा, हलवा पाय, सगळी वाट बघाय लागल्यात.” आबा छताकडं बघत पडलेले. पाय वर आला. टाळ्या!

तेवढ्यात कुरुंदवाडहून आत्या आली. आबांची धाकटी बहीण. एसटीनं आलेली, उन्हानं लाल झालेली, आणि स्वभाव असा की देवळात गेली तरी देवाला आधी चार शब्द सुनावेल. आबांच्या कपाळावरून हात फिरवला, पलंगाच्या कडेला बसली, सुमननं दिलेलं पाणी प्यायली आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या कुठं ठेवायचा म्हणून आबांच्या पायाशेजारी गादीवरच ठेवला.

बाळूनं पुन्हा मोबाईल वर केला. आबांचा पाय हळूहळू वर यायला लागला.

आणि तांब्याही.

संथपणे, पायाच्या बरोबरीनं, तांब्या वर आला, कलला, आणि पाणी सांडलं. आत्यानं तांब्या सरळ केला. सगळे त्याच्याकडं बघत उभे. पाय खाली गेला, तांब्या खाली गेला. पाय वर आला, तांब्या वर आला.

“सुऱ्या,” आत्या मला म्हणाली, “तांब्याबी बरा झाला की रं तुझा. त्येचाबी लाव एक डिजिटल.”

गल्ली हसली ती अशी हसली की शेजारच्या गल्लीतून माणसं काय झालं म्हणून बघायला आली. बाळूचा व्हिडिओ चालूच होता, तो अजून फिरतोय, तुम्हालाही आला असेल. आबाही हसले. अर्ध्याच तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वारं गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले, माझ्यावर. तेवढ्यापुरतं मला बरंसुद्धा वाटलं.

जेवण मात्र कुणी सोडलं नाही. पांढरा रस्सा झकास झालाय, असं प्रत्येकानं मला आवर्जून येऊन सांगितलं.

माणसं पांगल्यावर गादीवर सांडलेलं पाणी पुसायचं म्हणून आत्यानं आणि सुमननं आबांना कुशीवर वळवलं. आणि आत्यानं मला हाक मारली. त्या आवाजात चेष्टा नव्हती.

आबांच्या माकडहाडावर तळहाताएवढी कातडी काळसर लाल झालेली, मधोमध सोललेली. ओलसर.

“ही गादी कशाला आणलीयास रं?” आत्यानं विचारलं.

मला उत्तर येत होतं. हे होऊ नये म्हणून आणली होती. पायाच्या नादात पाठ बघायची मी बंद केली होती, आणि जी बघत होती तिलाही बंद करायला लावली होती. शिवाय येईल त्या पावण्याला त्याच गादीवर बसवून नळ्या दाबून टाकल्या होत्या. आबांना वेदना होत असणार, रोज होत असणार, आणि त्यांनी पलंगावर हात आपटला की मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होतो, बघा, कसा उत्साह आलाय. मला त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आत्या ओली चादर काढायला लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी सुधारलो. सुधारलो म्हणजे कसा, तर माणूस तोंड पोळल्यावर सुधारतो तसा. दवाखान्यातून ड्रेसिंग शिकून आलो. कूस बदलायला सुमनला हाक मारावी लागेना, मीच तिला हाक मारायला लागलो. गादी बसवणाऱ्याला परत बोलावून सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, ‘माहीत हाय’ हा शब्द तोंडातून काढला नाही. पलंगावर कुणी टेकलं तर मी खेकसायचो. जखम भरायला फार वेळ लागला. ती भरेपर्यंत आबांच्या नजरेला नजर द्यायला मला जड जायचं.

आणि मी आणखी एक गोष्ट पक्की शिकलो. हलणाऱ्या पायावर विश्वास ठेवायचा नाही.

जखम भरत आली तेव्हा आबा पुन्हा सकाळी सकाळी हात आपटायला लागले. पायथ्याकडं बोट. मी जाऊन बघायचो, अंगठा जरा हललेला दिसायचा. मी त्यांच्या खांद्यावर थोपटायचो. “आबा, गादी हाय ती,” मी समजूत घालायचो. “आत्ता मला समदं कळतंय.”

आबा आणखी जोरात आपटायचे. मी आणखी मायेनं समजवायचो. कुठली नळी फुगली, कुठली बसली, सगळं सविस्तर! एकदा सुमन म्हणाली, “अव्हं, मला तर अंगठा निराळाच हालल्यागत वाटतोय.” तिलाही मी पंप उघडून दाखवला. एकदा गंडलेल्या माणसाला शहाणपणाचा फार सोस असतो बघा. शेवटी शेवटी आबा हात आपटायचे बंद झाले. मला वाटलं, पटलं त्यांना.

व्यायामाच्या मॅडम आता नेमानं येत होत्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, आज आबांना खुर्चीत बसवू. आम्ही दोघांनी धरून बसवलं. पाठीला उशी, दोन्ही तळपाय खाली फरशीवर. मी खांद्याला धरून उभा.

आबांनी मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. उजव्या पायाचा अंगठा फरशीवरून वर उचलला गेला आणि तसाच राहिला. घामेजले होते आबा, पण खाली सोडेनात.

फरशीत काही हवा भरलेली नसते, एवढं पंपवाल्यालाही कळतं.

मॅडम खाली बसून अंगठा बघत होत्या. खूश झाल्या होत्या. म्हणाल्या, एवढी ताकद एका दिवसात येत नाही, हे सुरू कधी झालं? तेव्हाच सांगायचं ना, तेव्हापासूनच व्यायाम वाढवला असता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?

आबा माझ्याकडंच बघत होते.

“आलतं की,” मी म्हटलं. “त्यांनी रोज दाखवलं. मीच त्यांना सांगत होतो, गादी हाय ती.”