ऑर्व्हिलचा कान

केंटकीतल्या आमच्या गावात बंदूक बिघडली की माणूस ऑर्व्हिल स्टॅम्परकडे जातो. स्वतः दुरुस्त केली की जरा घाईने जातो. एकाहत्तर वर्षांचा ऑर्व्हिल बायकोच्या पशुखाद्याच्या दुकानामागे बसतो. "रिकामं आहे" असं कोणीही सांगो, तो काडतुसांचं मॅगझिन काढून नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या जागी, करंगळी घालून बघतोच. मालक चर्चमध्ये मानाच्या पुढच्या बाकावर बसतो की मागच्या, याचा करंगळीवर परिणाम होत नाही.

एका शुक्रवारी डॉक फ्यूगेट आला. निवृत्त दंतवैद्य, म्हणजे हत्यारं शाबूत आणि पेशंट नाहीत. पिस्तूल सुटं होऊन फ्रीझरच्या पिशवीत. नवी सेफ्टी, म्हणजे चाप चुकून दाबला तरी गोळी सुटू न देणारी कळ, बसेना म्हणून त्याने ती दाढ कोरायच्या यंत्राने घासली होती.

"किती घासलीस?"

"बसेपर्यंत."

"आणि मग?"

"मग जरा चकाकी आणली."

ऑर्व्हिलने जुळणी केली. काडतुसं खोलीबाहेर, नळी वाळूच्या बादलीकडे. घोडा चढवला, सेफ्टी लावली, चाप दाबून सोडला. घोडा पडला नाही. डॉक खूश झाला.

खरी परीक्षा पुढे असते. सेफ्टी काढायची, घोडा अंगठ्याने किंचित मागे ओढायचा आणि कान द्यायचा. आत बारीक 'टिक्' झालं, तर सेफ्टी लावलेली असतानाही घोड्याची पकड सरकली होती. असं पिस्तूल एक दिवस आपणहून सुटतं.

ऑर्व्हिलला काहीच ऐकू आलं नाही. पण पन्नास वर्षं गोळीबार ऐकलेल्या त्या कानाला वर्षभर चर्चची घंटाही ऐकू येत नव्हती. हे फक्त बायकोला, व्हर्लीनला, ठाऊक होतं. बहिऱ्या कारागिराकडे पिस्तूल कोण देणार?

"झालं ना? उद्या नेमबाजीची स्पर्धा आहे माझी," डॉक म्हणाला.

ऑर्व्हिलने पिस्तूल पुढे केलं. मग मागे घेतलं.

"व्हर्लीन! जरा ये इकडे. ऐक हे."

"म्हणजे? तुला ऐकू येत नाही?" डॉकने विचारलं.

"नाही. तू आत्ता काय विचारलंस तेही ओठांवरून कळलं."

व्हर्लीन हातावरचा कोंडा झटकत आली, बादलीवर वाकली. ऑर्व्हिलने सगळं पुन्हा केलं.

"टिक्," ती म्हणाली. "चांगलं ठणठणीत टिक्."

"कान वाजतायत तुझे, व्हर्लीन," डॉक म्हणाला.

"डॉक, दुखणार नाही असं सांगून तू माझी दाढ काढली होतीस. तुझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून झालाय माझा."

ऑर्व्हिलने ती सेफ्टी काढून ऐरणीवर चपटी केली. पुन्हा कोणी तिला चकाकी आणायला नको. नवी सोमवारी बसणार होती, ऑर्व्हिलच्या कानशीने घासून. डॉकची स्पर्धा हुकली आणि वेळ मोकळा मिळाला, त्यामुळे ऑर्व्हिल बहिरा असल्याचं रविवारच्या प्रार्थनेआधी गावभर झालं.

सोमवारी तीन पिस्तुलं आली. तिन्ही मालकांनी विचारलं, व्हर्लीन कधी मोकळी असते? हा प्रश्न आपल्याला ऐकूच आला नाही, असं ऑर्व्हिल सांगतो.