पंप खाली, टाकी वर

नव्या प्लास्टिकच्या नळीचा वास आला की मला झरी गावातल्या घरातला तो उन्हाळा आठवतो. लकव्यानंतर वडिलांचा आवाज अगदी खोल गेला होता. मी त्यांच्याच खोलीत कॉम्प्युटरवर लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचो. उन्हाने त्याचे पंखे एवढे घोंगावायचे, की एका दुपारी वडील कितीतरी वेळ पाणी मागत होते ते मला ऐकूच आलं नाही. तेव्हा कॉम्प्युटर पंख्यांऐवजी पाण्याने थंड करायचं ठरवलं. छोटा पंप, टाकी, नळ्या असं सगळं कागदावर काढलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांची हयात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली होती. बराच वेळ पाहून त्यांनी डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं आणि अडखळत म्हणाले, "पंप टाकीच्या वर कामून घेतलास? हवा धरंल, पाणी नाही ओढणार. खाली घे." लकव्यानंतरचं त्यांचं ते पहिलं सलग बोलणं. मी चित्र खोडून पुन्हा काढलं आणि पंप खाली ठेवूनच सगळं जोडलं. आता त्यांची वाचा बरीच सुधारली आहे. दिवसभर ते माझ्या चुका काढतात, आणि खोली इतकी शांत झाली आहे की ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.