मंडळात नेलेला नारळ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झाल्यावर पुढे काय करायचं असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाऊक असणार असं सगळे धरून चालले होते. वडील कल्याणच्या एका भाताच्या गिरणीत पोती तोलायचं काम करत. आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो. मला कोणी काही विचारलं की मी आधी "बहुतेक" म्हणायचो. आपलं बोलणं मागाहून खोटं ठरू नये, एवढाच त्यात हेतू असायचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नवे कारखाने निघत होते, त्यांना शिकलेली माणसं हवी होती. आणि शिकलेली माणसं अर्ज टाकून पोस्टमनची वाट बघत बसली होती. आमचे अर्थशास्त्राचे सर ठाण्याला राहायचे. त्यांनी आणखी काही प्राध्यापकांना जमवलं, आसपासच्या कारखान्यांचे मॅनेजर गाठले आणि एक मंडळ काढलं. मुलांना नोकरीबद्दल सल्ला देणारे प्राध्यापक एका बाजूला, पदवीधर हवे असलेले कारखानदार दुसऱ्या बाजूला. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमत. प्राध्यापक सांगत, आमची मुलं हुशार आहेत. कारखानदार म्हणत, असतील, पण त्यांना साधं पत्र लिहिता येत नाही. मग चहा होई. मंडळाचं नाव एवढं लांब होतं की चिटणीस ते वाचून संपवेपर्यंत चहा निवत असे.

माझी शेवटची परीक्षा झाली आणि सरांनी मला बोलावून घेतलं.

"रविवारी रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर येतायत. कामगारांच्या तक्रारी ऐकून साहेबांपर्यंत पोचवायला त्यांना एक माणूस हवाय. मी तुझं नाव सुचवलंय. विचारतील तेवढ्याची नीट उत्तरं दे. आणि ते तुझं 'बहुतेक' घरी ठेवून ये."

मी नुसती मान हलवली.

मला ही नोकरी हवी होती, कारण ती नाही जमली तर गिरणीत बसायचं असं वडिलांनी शेठशी बोलून ठरवून टाकलं होतं. भाताच्या कोंड्यात पाच मिनिटं उभा राहिलो तरी मला शिंका लागायच्या. तिथे आयुष्य काढायचं म्हणजे शिंकतच काढायचं होतं.

घरी सांगितलं त्या दिवशी मामा आलेले होते. आईचे हे थोरले भाऊ. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली.

"कोण कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"एकटा?" मामांचा अडकित्ता थांबला. "अरे, मुलाच्या जन्माचा प्रश्न, आणि मुलगाच एकटा जाऊन बसणार? याच्या मागे कोणी नाही वाटेल त्यांना."

"मामा, ही नोकरी आहे."

"ते कळतंय मला. मी काय खुळा आहे? पण मध्ये तुझे सर आहेत ना? मध्यस्थ आला म्हणजे दोन्हीकडची माणसं आली."

वडील फारसं बोलत नसत. ते म्हणाले, "त्यांचं चूक नाही."

रविवारी आम्ही तिघं ठाण्याला गेलो. वडील धुतलेल्या धोतरात, मामा काळ्या कोटात. मामांच्या पिशवीत नारळ होता. "जमलंच तर हाताशी असावा," ते म्हणाले.

हॉलमध्ये टेबलापलीकडे सर आणि मॅनेजर बसले होते. उमेदवारासाठी एकच खुर्ची होती. मामांनी इकडेतिकडे बघून आणखी दोन ओढून आणल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"बी.ए. झालात?" मॅनेजरनी विचारलं.

निकाल लागायचा होता. खरं उत्तर एकच होतं. "बहुतेक," मी म्हणालो.

सरांनी डोळे मिटले.

"आधी ओळख होऊ दे," मामा म्हणाले. "आम्ही रत्नागिरीकडचे. साहेबांचं मूळ गाव?"

"साताऱ्याकडचं," मॅनेजर बोलून गेले आणि मग दचकले.

"छान. कारखान्यात माणसं किती? हाताखालची टिकतात का? आणि साहेबांच्या वरचे साहेब स्वभावानं कसे?"

"अहो," सर कळवळून म्हणाले, "प्रश्न यांनी विचारायचे असतात!"

"विचारू देत की. आम्ही कुठं अडवलंय? मुलगा समोर बसलाय." मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गरीब आहे हो. कधी तोंड वर करून बोलणार नाही."

"मग उपयोग नाही," मॅनेजर म्हणाले. "मला बोलणारा हवाय. तीन पाळ्यांच्या कामगारांशी गाठ आहे."

मामांनी लगेच बाजू फिरवली. "तसा घरात फार तोंड करतो. आईला विचारा."

वडिलांनी जोरजोरात मान डोलावली. त्यांना खोटं बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे मान जरा जास्तच हलली.

मॅनेजर हसले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मामा कोट सावरून उठले.

"बरं आहे. माणसं चांगली वाटली. आम्ही घरी बोलतो आणि दोन दिवसांत कळवतो."

लग्नाच्या बैठकीत आमच्याकडे हे असंच म्हणायची रीत. लगेच हो म्हटलं तर मुलाची किंमत जाते. पण इकडे मॅनेजरनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. बाहेर बाकावर आणखी मुलं बसली होती. वडीलही उठले. माझ्या नाकात आत्ताच कोंडा गेल्यासारखं झालं.

"कळवायचं काही नाही," मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मामा, खाली बसा. मला ही नोकरी हवी आहे. पत्र मला लिहिता येतं. कामगारांशी बोलायला येत नसेल तर शिकेन."

मामांना त्यांच्या बैठकीत आजवर कोणी खाली बसवलं नव्हतं. ते बसले.

"बोलतो की हा," मॅनेजर सरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पास झालास तर निकाल घेऊन ये. तीन महिने बघू."

हे ऐकताच मामांनी पिशवीतून नारळ काढून पुढे केला. मॅनेजरही गावाकडचेच. त्यांनी नकळत उठून तो दोन्ही हातांनी घेतला, आणि मग आता याचं काय करायचं हे न कळून सरांच्या टाचणवहीवर ठेवला.

मंडळाच्या पुढच्या सूचनापत्रात तळाला एक नवी ओळ आली: उमेदवाराने कृपया एकट्यानेच यावे.

परतताना मामा माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी आईला सांगितलं, "मुलगा पसंत पडला. माणसं बरी आहेत, जरा घाईची आहेत एवढंच."

आईनं कपबशा उचलता उचलता मला हळूच विचारलं, "आणि तुला रे? तुला पसंत आहे ना?"

हे त्या दिवसात मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"बहुतेक," मी म्हणालो.