आवाज पोचला होता

"आवाज पोचायलाय का?" मी माइकमध्ये तिसऱ्यांदा विचारलं. हळ्ळीखेडच्या समाजमंदिरात बसलेल्या पन्नासेक माणसांनी तिसऱ्यांदा माना डोलावल्या. पुढच्या रांगेतले अप्पा तर म्हणाले, "लई ब्येस पोचायलाय म्याडम, सांगा तुम्ही."

मी पशुवैद्य आहे. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना मी घाबरत नाही, पण हातात माइक आला की तळवे ओले होतात. त्यात आधीच्या कार्यक्रमानंतर आमच्या खात्याच्या सायबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, मागं बसलेल्यांना कायबी ऐकू गेलं न्हाई. पुन्हा तक्रार नको." ते वाक्य आठवडाभर डोक्यात घुमत होतं. मी घरी आरशासमोर ओरडून सराव केला. नवऱ्याने दार लावून घेतलं.

विषय होता कडब्यावर युरियाची प्रक्रिया. उन्हाळ्यात ओला चारा नसतो, आणि नुसत्या कडब्यात दम नसतो. शंभर किलो कडब्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, कडबा दाबून, प्लास्टिकने झाकून एकवीस दिवस हवाबंद ठेवायचा. नंतर उघडून वारा लागू द्यायचा आणि मगच थोडा थोडा खाऊ घालायचा. तेवढ्या दिवसांत युरिया कडब्यात मुरतो, चारा मऊ आणि पौष्टिक होतो. पण झाकून न ठेवता तसाच घातला, तर तोच युरिया जनावराच्या पोटात विष होतो. तासाभरात जनावर आडवं पडतं.

मी सुरुवात केली. सायब कोपऱ्यात उभे राहून घड्याळ बघत होते, कारण दुपारी कमठाण्यात दुसरा कार्यक्रम होता. ते घड्याळ बघू लागले की माझी जीभ पळायला लागायची. तेवढ्यात मागच्या बाजूने, बायका बसल्या होत्या तिकडून, कुजबुज ऐकू आली. मी आवाज चढवला. कुजबुज थांबेना. मला वाटलं, झालं, पुन्हा तक्रार येणार. कुजबुजणारी बाई मला दिसत होती. सुभद्राअक्का, बचत गटाची प्रमुख. मी माइकमधूनच म्हणाले, "अक्का, मागं गप्पा नकोत."

ती चटकन गप्प झाली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पुढचं सगळं मी खणखणीत आवाजात संपवलं. शंकासमाधान झालं, टाळ्या पडल्या. उप्पीट खाताना सायब म्हणाले, "आज आवाज झकास होता." माझा जीव भांड्यात पडला. तो तिथं पाच मिनिटंही टिकला नाही.

सुभद्राअक्का चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. "रागवू नका म्याडम, पर मी गप्पा मारायले नव्हते. शेजारच्या गुरम्माला मराठी येत न्हाई, चिंचोळीकडची हाय ती. मी तिला कन्नडात सांगायले होते. तुम्ही एक सांगून लगेच दुसऱ्यावर जायलात, माझं पहिलंच सरंना. मग तुम्ही गप म्हणलात. बसले गप."

"तिला कुठपर्यंत सांगितलंत?"

"युरिया पाण्यात कालवून कडब्यावर शिंपडायचा म्हणून. तितकंच."

"एकवीस दिवसांचं?"

"ते न्हाई सांगितलं." मग तिच्याच लक्षात आलं. "म्याडम, ती तर कवाच उठून गेली. म्हशीचा टाइम झाला म्हणून."

युरियाचं पोतं इथं घरोघरी असतं. गुरम्माला जाऊन तासभर होत आला होता.

सायबांना काय सांगितलं ते आठवत नाही. अक्काला जीपमध्ये घातलं आणि गुरम्माच्या शेताकडे निघालो. युरियाचा विषय असला की मी गाडीत व्हिनेगरच्या बाटल्या ठेवते. आंबट पोटात गेलं की विषाचा जोर मोडतो. वाटेत बाटल्या तीनदा मोजल्या. अक्का सांगत होती की गुरम्माची ही एकच म्हैस आहे, महिन्यापूर्वी व्यालेली, आणि तिच्या दुधावर घर चालतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

पोचलो तेव्हा गुरम्मा गोठ्यात उभी होती. म्हशीपुढे ओला कडबा. आमच्याकडे बघून ती हसली, सांगितलेलं लगेच केलं म्हणून. मी पेंढी ओढून फेकली. म्हशीने थोडंच खाल्लं होतं, पण तोंडाला लाळ सुटली होती आणि कातडी थरथरत होती.

अक्काने मान वर धरली. मी गार पाण्यात व्हिनेगर मिसळून बाटलीने पाजायला लागले. यात घाई चालत नाही. जनावराने घोट गिळायच्या आत दुसरा ओतला, तर औषध फुफ्फुसात जातं आणि औषधानेच जनावर मरतं. म्हणून एक घोट ओतायचा, गळा हललेला बघायचा, मग दुसरा. पंचवीस वर्षं हे करते आहे. त्या दिवशी म्हशीचा गळा बघता बघता मला माझं सकाळचं भाषण आठवलं आणि लाज वाटली.

तासभर आम्ही तिघी तिथंच बसलो. थरथर हळूहळू कमी झाली. म्हैस रवंथ करायला लागली, तेव्हा गुरम्मा माझा हात धरून रडली. मी तिला सगळी कृती पहिल्यापासून सांगितली, एकेक वाक्य थांबून, आणि अक्काने ती कन्नडात केली. तिने शांतपणे ऐकलं आणि अक्काकरवी विचारलं, तिथं हे असं का नाही सांगितलंत?

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं माझं झालं होतं. आवाज पोचला होता. मी थांबले नव्हते.

त्या दुपारी राहिलेला कमठाण्याचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात झाला. तिथं मी आवाजाचं विचारलंच नाही. विचारलं, "हितं शेजारणीला कन्नडात सांगणारी कोण हाय?" एक बाई भीत भीत उठली. तिला पुढच्या रांगेत, तिच्या शेजारणींसकट बसवलं. एक वाक्य बोलायचं आणि तिचं तोंड मिटेपर्यंत थांबायचं. तासाचा कार्यक्रम दोन तास चालला. सायब म्हणाले, "मॅडम, आज लई अडखळायले होतात."

मी व्हय म्हणाले.