लांब केसांचं इंग्रजी वाक्य

माक्याच्या तेलाचा वास आला की अमरावतीची ती दुपार आठवते. हे कापूसवाल्या साहेबाकडे कारकून होते आणि मला चोरून इंग्रजी शिकवत. रस्त्यानं कापसाच्या गाड्या करकरत जायला लागल्या की त्या आवाजाआड मी वाक्यं म्हणून घ्यायची. त्या दिवशी मी 'माय हेअर इज लाँग' म्हणाले, केस पुष्कळ असले तरी 'इज'च, आणि नेमक्या गाड्या थांबल्या. ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिली वं?" खोटं सुचेना. "माझे केस लांब आहेत म्हणाले." त्या मीठमोहऱ्या घेऊन आल्या, माझ्यावरून उतरवत म्हणाल्या, "केसाचं असं मोठ्यानं बोलू नाई, बाई. नजर लागते." इंग्रजीतूनही लागते का, असं विचारायचा धीर झाला नाही. पुढं हे गेले, त्यांच्यामागोमाग वस्तऱ्याखाली केसही गेले. वाक्य तेवढं अजून पाठ आहे.